खिशातले खडे फेकू नका

पत्र थोडक्यात : पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या आईचं हे पत्र आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मुलाच्या शाळेने ‘ऑटम क्राफ्ट’ करून आणायला सांगितलं. आईने ऑनलाइन किट मागवलं. त्यात नारिंगी मेपलची पानं, कागदी खारूताई आणि भोपळा असं सगळं होतं. मुलाने दोन पानं चिकटवली आणि तो टेबलाखाली जाऊन खेळत बसला. उरलेलं झाड रात्री अकरा वाजेपर्यंत आईने एकटीने पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर इतर मुलांच्या सुबक कलाकृती पाहून तिला रडू आलं. ती लिहिते : ‘मी गावात वाढले. मला हे सगळं आयतं मिळालं. इथे निसर्गच नाही. बागेत “फुले तोडू नका” अशी पाटी आहे. मातीत हात घातला की पोर आजारी पडेल, असं सासूबाई म्हणतात. मला हस्तकलेत गती नाही आणि नोकरीतून दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात हा बाहेरून येताना खिसे भरून खडे नि काड्या आणतो. वॉशिंग मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून ते रोज फेकणं हे माझं आणखी एक काम. याला निसर्गाची गोडी लावायची कशी? यंदा सोसायटीने किल्ला करायलाही मनाई केली आहे. तयार प्लास्टरचा किल्ला आणू का?’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात डिंकाने बरबटलेल्या बोटांनी रात्री अकराला पानं चिकटवत बसलेली आई दिसली आणि पोटात कालवाकालव झाली. दुसऱ्यांदा वाचताना खिशांच्या वाक्यापाशी अडले. गोडी लावायची कशी, असं तुम्ही विचारता. त्याच पत्रात मुलगा रोज खिसे भरून निसर्ग घरी आणतो, हेही तुम्हीच सांगता. त्याची गोडी रोज संध्याकाळी तुमच्या दारात येते आहे. तुम्ही दमलेल्या असता, मशीन लावायचं असतं, म्हणून ती कचऱ्याच्या डब्यात जाते. यात तुमचा दोष काढावा असं मला मुळीच वाटत नाही. पण आजपासून एक करा. तो आला की खिसे त्यालाच रिकामे करू द्या, एखाद्या ताटलीत. आणि विचारा, ‘हे कुठे सापडलं?’ एवढंच. त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटंसुद्धा यात जाणार नाहीत.

आता त्या मेपलच्या पानांबद्दल. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले आणि गारठा वाढला की झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडून त्यातलं पोषण आत ओढून घेतात. मग पानांत आधीपासून दडलेला पिवळा-नारिंगी रंग वर येतो आणि पानं गळतात. आपल्याकडे पानगळ होते ती पाणी आटतं म्हणून, आणि ती बहुतेक झाडांची थंडी सरता सरता, माघ-फाल्गुनाच्या आगेमागे. साग, पळस, पांगारा, सावर ही झाडं तेव्हा उघडी पडतात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच परतलेला किंवा परतीच्या वाटेवर, माती ओली, गवत कमरेएवढं, आकाश धुतलेलं, दुपारी ऑक्टोबरचा चटका आणि पहाटे पायाला गार लागणारी फरशी. या दिवसांत आपल्याकडे झाडं फुलतात, बिया तयार होतात, सुरवंटांची फुलपाखरं होतात. तुमच्या मुलाने दोन पानं चिकटवून टेबलाखालचा रस्ता धरला, याचं मला नवल वाटत नाही. ज्या पानाशी त्याची कधी गाठ पडलेली नाही, जे त्याने उचललेलं नाही, ज्याला वास नाही, त्याच्याशी त्याने किती वेळ बोलावं?

(न्यू जर्सीला किंवा टोरांटोला राहणाऱ्या मराठी घरांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या दारात मेपल खरोखरच लाल होतो. तिथल्या मुलांनी तीच पानं गोळा करावीत आणि आजीला पाकिटात घालून पाठवावीत.)

शाळेशी भांडू नका. बाईंनी कुठल्या तरी वेळापत्रकातून हा विषय घेतला असणार आणि त्यांचीही तारांबळ असतेच. पुढच्या खेपेला मुलाला एका कापडी पिशवीत त्याने स्वतः वेचलेल्या पाच वस्तू घेऊन पाठवा आणि चिठ्ठीत लिहा, ‘आमच्या घराजवळचा शरद ऋतू. यातलं काय कुठे सापडलं ते तो स्वतः सांगेल.’ बहुतेक बाईंना हे मनापासून आवडेल, कारण त्यांनाही चाळीस एकसारख्या खारूताई पाहून कंटाळा येतो. नाही आवडलं तर किट पुन्हा आणा, पण मुलाने जेवढं चिकटवलं तेवढंच शाळेत पाठवा. दोन पानांचं झाड हे त्याचं झाड आहे. तुम्ही पूर्ण केलेलं झाड तुमचं आहे, आणि हे त्याला पक्कं कळतं.

मी बरीच वर्षं बालवाडीत काढली. तिथला एक मुलगा मला आजही आठवतो. पहाटे पडलेला प्राजक्ताचा सडा तो झबल्याच्या ओच्यात भरून आणायचा आणि कोपऱ्यात बसून पाकळ्या एकीकडे, केशरी देठ एकीकडे असे ढीग करायचा. तीन दिवस त्याने याखेरीज काही केलं नाही. मदतनीस बाई म्हणाल्या, ‘याला काहीतरी करायला द्या हो.’ चौथ्या दिवशी त्याने देठ पाण्याच्या पेल्यात टाकले आणि पाण्याला पिवळा रंग सुटायला लागल्यावर तो जो ओरडला, त्याने सगळा वर्ग गोळा झाला. मग आम्ही कोमट पाणी घेतलं, देठ हाताने चुरगाळले आणि त्या रंगात जुन्या मलमलीची चिंधी बुडवली. ती उन्हात वाळून फिकट केशरी झाली. या देठांचा रंग पूर्वी कापड रंगवायला वापरत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याला ते पेल्यातून कळलं. त्या तीन दिवसांत मी त्याच्या हातात रंगीत कागद आणि कात्री दिली असती, तर चौथा दिवस आलाच नसता.

म्हणून तुमच्या ‘मला हस्तकलेत गती नाही’ या वाक्याची मला काळजी वाटत नाही. ज्यांना चांगली गती असते त्या आयांचे हात नकळत मुलाच्या हातांवर जातात. तुम्ही शेजारी बसा, हवं तर स्वतःचं वेगळं काही करा, डिंकाची बाटली उघडून द्या, कापायचं अवघड असेल ते कापून द्या. ‘किती सुंदर!’ म्हणण्याऐवजी दिसतं ते बोला. ‘याचं पान खरखरीत आहे, त्याचं गुळगुळीत.’ प्राजक्ताचं पान तर पॉलिश पेपरइतकं खरखरीत असतं. गालाला हलकेच लावून बघायला सांगा, मुलं खदखदून हसतात.

आसपासच्या वस्तूंतूनच मुलांनी शिकावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं विकत आणायला पैसे नव्हते आणि आणूही नयेत असं त्यांचं मत होतं. परिसरात मिळणाऱ्या बिया, पानं, शिंपले, काड्या, दगड यांचीच शिक्षणसाधनं झाली. तुमच्या हातात अर्धा तास आहे आणि खाली एक सोसायटी आहे. ही सुरुवात कमी नाही.

‘इथे निसर्गच नाही’ हे तुमचं वाक्य मला तपासून पाहायचं आहे. उद्या मुलाला स्कूल बसला सोडायला दहा मिनिटं आधी उतरा. पुण्यात रस्त्याच्या कडेला, जुन्या बंगल्यांच्या आवारात, कॉलेजांच्या वाटांवर बुचाची उंच झाडं आहेत. याच दिवसांत त्यांची पांढरी, लांब नळीची फुलं सकाळी फुटपाथवर पडलेली असतात. एका फुलाची नळी दुसऱ्यात गुंफत गेलं की सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. तुम्ही गावात वाढलात म्हणता, म्हणजे बोटांना हे आठवेल. साडेचार वर्षांच्या मुलाला वेणी जमणार नाही, पण दोन फुलं एकमेकांत अडकवणं जमेल आणि तो त्याची आगगाडी करेल. जवळपास कुठे सातवीण असेल तर तिचा वास रात्री अंगावर येतो. झाड दिसायच्या आधी वासावरून शोधायचं, हा अंधारातला उत्तम खेळ आहे. कुंपणाशी तेरडा उगवलेला असेल. त्याची फुगलेली हिरवी बोंडं चिमटीत धरली की फट्‌कन फुटून बिया उडतात आणि साल स्प्रिंगसारखी गुंडाळते. एकदा हे कळलं की मूल त्या झुडपापाशी अर्धा तास सहज उभं राहतं. तुमचा संपूर्ण अर्धा तास! आणि या खेळात झाडाचंही काम होतं, बी रुजायला जातं.

‘फुले तोडू नका’ ही पाटी चांगली आहे, ती मुलाला वाचून दाखवा. नियम आपला हा : झाडावरचं झाडाचं, खाली पडलेलं आपलं. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, तेव्हा याच नियमाने घरातल्या प्रत्येकासाठी एकेकच पान घेता येईल. ते पान मुलाला मधोमध दुमडायला सांगा. दोन भाग एकमेकांवर बरोबर बसतात. बाजारात आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाची पानं विकतात. ती मोठी असतात. दोन्ही शेजारी ठेवून त्यालाच फरक शोधू द्या. आणि सोसायटीच्या माळीकाकांशी ओळख करून घ्या. ते सकाळी सातच्या आत सगळा सडा झाडून टाकतात, कारण त्यांना तसं सांगितलेलं असतं. ‘प्राजक्ताखालचा एक कोपरा आठपर्यंत राहू द्याल का?’ एवढं विचारून बघा.

आता सासूबाई आणि माती. त्यांची काळजी खोटी नाही. पावसाळ्यानंतर उंच गवतात साप-विंचू असू शकतात, साचलेल्या पाण्यावर डासांची पैदास होते आणि हेच डेंग्यूचे दिवस असतात. तेव्हा बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला, गुडघ्यापेक्षा उंच गवतात शिरायचं नाही आणि दगड उचलायचा तर आधी पायाने हलवून मग. गाजर गवताला हात लावू देऊ नका, अंगावर पुरळ येतं. काही बिया फार देखण्या आणि तितक्याच घातक असतात. गुंजेचा लाल-काळा मणी, पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, धोतऱ्याचं काटेरी फळ, एरंडाची ठिपक्यांची बी. आपल्यापैकी अनेक जण बिट्टीने खेळलो आहोत, पण ती विषारी आहे आणि गुंज त्याहूनही. या चार गोष्टी मुलाला नावानिशी दाखवून ‘ही फक्त डोळ्यांनी बघायची’ असं सांगा. धाकटीसाठी नियम आणखी कडक. अंगठा आणि तर्जनीच्या गोलातून जी वस्तू आरपार पडेल, ती तिच्या हाताशी ठेवायची नाही. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना ते तपासा, जंतांच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा, नखं कापलेली ठेवा आणि खेळून आल्यावर साबणाने हात. इतकी काळजी घेतली की कुंडीतली माती घाबरण्यासारखी नाही.

पण सासूबाईंना हे सगळं पटवून देण्यापेक्षा त्यांच्याकडे मदत मागावी, असं मला वाटतं. हे सदर तुमच्या हाती पडेल तेव्हा घट बसायला तीन-चार दिवस असतील. तुमच्या घरी घट बसत असतील तर विचार करा, त्या दिवशी सासूबाई स्वतः काय करतात? परडीत शेतातली माती पसरतात, धान्य पेरतात, पाणी शिंपडतात, रोज एक माळ वाढवतात आणि नऊ दिवस कोंभांची वाट पाहतात. लहान मुलांसाठी याहून चांगला शरदातला उपक्रम कुणी आखून दिलेला मला तरी माहीत नाही. ‘आई, यंदा धान्य याच्या हातून पेराल का?’ असं विचारा. देवाच्या मातीत नातवाचा हात जाऊ नये, असं कुठली आजी म्हणेल? मग रोज संध्याकाळी एक दोरा घेऊन कोंभाची उंची मोजायची, दोरा कापायचा आणि कागदावर ओळीने चिकटवायचा. दसऱ्यापर्यंत कागदावर एक जिना तयार होतो. शाळेत न्यायचं झालं तर हेच न्यावं.

याच्याच जोडीला दोन वाट्यांत ओल्या कापसावर गहू पेरा. एक वाटी खिडकीत, दुसरी खोक्याखाली झाकून. आठवड्याने खोकं उचललं की अंधारातले कोंभ पिवळे आणि लांबुडके दिसतील, खिडकीतले हिरवेगार नि आखूड. देवघराच्या सावलीतले कोंभ पिवळसर का असतात, हे मग तोच आजीला सांगेल. घरी घट बसत नसतील, त्या वाचकांनाही मूठभर गहू पुरतात.

नवरात्रात खाली भोंडला होत असेल तर मुलग्यालाही न्या. पाटावरच्या हत्तीभोवती फिरायला आणि खिरापत ओळखायला मुलगी असावं लागत नाही. झाकलेल्या डब्याचा आवाज ऐकून आत काय आहे ते ओळखणं, हा खेळ बियांनीही करता येतो. चार सारख्या डब्यांत रिठे, चिंचोके, खडे आणि काड्या घाला, हलवा, ओळखा.

किल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : प्लास्टरचा आणू नका. त्यात मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. मावळे मांडले की काम संपलं, आणि दिवाळीनंतर तो कपाटावर धूळ खात पडतो. मातीच्या किल्ल्याची सगळी गंमत तो होत असतानाची आहे.

सोसायटीने मनाई का केली, ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी फरश्या खराब होतात, माती गटारात जाऊन तुंबते आणि दिवाळीनंतर कुणी उचलत नाही, ही कारणं असतात. तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे. चार-पाच घरांनी मिळून एकच किल्ला करायचा, ताडपत्री अंथरून, भिंतीपासून हातभर दूर. वसुबारसेच्या आधी किती दिवस सुरू करणार, तुळशीच्या लग्नानंतर कुठल्या दिवशी उचलणार, माती बागेतल्या कुठल्या वाफ्यात जाणार, हे एका कागदावर लिहून समितीला द्या, खाली पाच जणांच्या सह्या. तोंडी विनंती विसरली जाते, तारखा असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. मला हाच मार्ग जास्त आवडतो, कारण किल्ला हा मुळात चार पोरांनी मिळून, भांडत, एकमेकांचे दगड पळवत करायचा असतो. नकारच आला तर गॅलरीत एका घमेल्यात करा. नववा मजला आहे, ओली माती जड असते आणि खालच्यांच्या गॅलरीत गढूळ पाणी ठिबकायला नको, म्हणून एकच घमेलं आणि शिंपडायला पाण्याची फवारणी. छोटा किल्ला म्हणून तो काही कमी खरा होत नाही.

कसा करायचा ते तुम्हाला आठवत असेल, तरी सांगते, कारण पुष्कळ तरुण आईवडिलांनी हे हाताने केलेलं नसतं. मधे उपडी कुंडी किंवा विटांचे तुकडे रचायचे. माती चाळून तिचा काला करायचा, कढीपेक्षा घट्ट. त्यात गोणपाटाचा तुकडा बुडवून तो रचलेल्या विटांवर टाकायचा. लहान मुलांचा हा सर्वांत आवडता भाग, कोपरापर्यंत हात बरबटतात. गोणपाट ओला असतानाच सुरकुत्या दाबून दऱ्या आणि कडे करून घ्यायचे. वर कोरडी माती भुरभुरायची. मग अळीव. दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरले की लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होतो. मोहरीही चालते, पण ती उतारावरून घरंगळते. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतात. मुलाच्या तळहातावर चार दाणे ठेवून पाण्याचा थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा, त्याला स्वतःला दिसेल. गेरूने वाट रंगवायची, पट्टीच्या कडेने दाबून पायऱ्या पाडायच्या, वाटी पुरून तळं करायचं. आणि तुमचा मुलगा मावळ्यांच्या शेजारी डायनासोर उभा करणार, हे मी आत्ताच सांगते. राहू द्या. गडावर पहारा त्यालाही करू दे.

कुठला किल्ला करायचा, असं विचारलं तर या वयाला राजगड. मुलाला मूठ जमिनीवर टेकवून तीन बोटं पसरायला सांगा. मूठ म्हणजे बालेकिल्ला आणि तीन बोटं म्हणजे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. नकाशा त्याच्या हातातच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहे. ज्या वाचकांची मुलं सात-आठ वर्षांची असतील, त्यांच्यापुढे दर दिवाळीला यातला एक, असं बारा वर्षांचं काम आहे. आणि तुमची खिडकी नैर्ऋत्येला असेल तर पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी सिंहगडावरचा उंच मनोरा शोधून बघा.

आणखी दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. गॅलरीत कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी असेल तर पानं खाल्लेली दिसताच औषध मारू नका. आधी शोधा. पक्ष्याची शीट वाटावी असा एक पांढरट-तपकिरी सुरवंट दिसेल. काही दिवसांनी तो हिरवा होतो. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. एकदाच करा, त्याला भीती वाटते म्हणून तो ते करतो, हेही मुलाला सांगा. पुढे कोष होतो आणि त्यातून फुलपाखरू. ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, त्याचे सुरवंटही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. धाकटीला परातीत दोन बोटं पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या देऊन बसवा, तुम्ही शेजारी. पाण्यापाशी तिला मिनिटभरही एकटं सोडायचं नाही. थोरल्याला जुन्या सुती कापडाच्या घडीत तेरड्याची फुलं आणि कोवळी पानं ठेवून खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकायला द्या. कापडावर पानाच्या शिरांसकट ठसा उमटतो आणि पोराची सगळी रग जिरते. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून खाली घडी घातलेली सतरंजी ठेवा.

पिंपळाचं पान वहीत ठेवायचं, हे तर आपण सगळ्यांनीच केलं आहे. त्याची जाळी हवी असेल तर आत्ता एका बरणीत पाण्यात बुडवून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा, तीन-चार दिवसांनी पाणी बदला. वास येईल. दोन-तीन आठवड्यांनी हिरवा गर कुजून सुटतो, मग जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच निपटायचा. हे काम साडेचार वर्षांच्या मुलाच्या हातून एखाद-दुसरं पान फाडूनच होतं. चार पानं भिजत घाला.

यातलं सगळं करू नका. खरंच सांगते, अर्ध्या तासाच्या आईने ही यादी समोर ठेवून दमून जावं, हे मला मुळीच नको आहे. एक निवडा. मुलगा जिथे रेंगाळेल तिथे तुम्हीही रेंगाळा. कधी तो काहीच न करता फूटपाथवरच्या मुंग्यांची रांग बघत उकिडवा बसेल आणि तुम्हाला वाटेल की वेळ चालला. तोच वेळ त्याला द्यायचा आहे. ग्रुपवर त्याचा फोटो टाकण्यासारखं काही नसेल, म्हणून काही दिवस तो ग्रुप दिवसातून एकदाच उघडा.

आणि ते खडे. घरात जुना मिसळणाचा डबा असेल, सात वाट्यांचा, झाकण नीट न लागणारा. तो घासून त्याला देऊन टाका. धाकटीचा हात पोचणार नाही अशा फळीवर त्याची जागा ठरवा. खिशातलं सगळं रोज त्यात, आणि नियम एकच : डबा भरला की काहीतरी परत मातीत नेऊन टाकायचं, तेव्हाच नवीन आत. काय ठेवायचं नि काय सोडायचं, हे तो ठरवेल. एक वाटी मात्र दसऱ्यासाठी राखून ठेवायला सांगा. दाराचं तोरण सुकलं की झेंडूचं एकेक फूल हातात घेऊन पाकळ्या ओढायच्या. प्रत्येकीच्या बुडाशी काळी, सुईसारखी बारीक बी असते, टोकाला फिक्या रंगाचा झुपका. काही पोचट निघतील, काही भरलेल्या. भरलेल्या त्या वाटीत टाका आणि एखाद्या रविवारी सासूबाईंना सांगा, कुंडी त्यांनी भरायची आहे.